दाराआडचा उंट

अठरा वर्षं घरी पांढऱ्या सोंगट्या ह्यांच्या आणि काळ्या माझ्या. "पहिली खेळी शिकवणाऱ्याची," हा ह्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी काढलेला नियम. मी शिवणकाम करते, हे घड्याळं दुरुस्त करतात. दोघांनाही मान खाली घालून बसायची सवय, म्हणून संसारही टिकला आणि बुद्धिबळही.

मंडळाचा संघ निवडायच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत नेमकी आमचीच गाठ पडली. संघात ह्यांची जागा पक्की होती. उरली होती एकच, आणि तिच्यासाठी मला जिंकायलाच हवं होतं. बरोबरी झाली तरी ती औषधाच्या दुकानवाल्याची.

"अगं, सोडून देऊ का डाव?" ह्यांनी सकाळी विचारलं.

"सोडून बघाच. जन्मभर शर्टाची बटणं तुमची तुम्ही लावायची."

चिठ्ठीत काळ्या सोंगट्या आल्या तेव्हा हायसं वाटलं. पांढऱ्यांनी सुरुवात कशी करायची, हे मला कुठं ठाऊक होतं?

ह्यांनी तीन प्यादी मधोमध आणून ठाण मांडलं. मी कडेजवळचं एक प्यादं एकच घर सरकवलं आणि त्याच्या मागे उंट बसवला. आधी कड दुमडावी, मग मध्ये हात घालावा, एवढंच मला कळतं.

"उभी राहिलीस परत दाराआड?" हे पुटपुटले.

"पाहुणे दमेपर्यंत."

पंचांनी डोळे वटारले. आम्ही माना पुन्हा पटावर घातल्या.

ह्यांनी मधलं प्यादं आणखी पुढे रेटलं. मी बाजूनं ती रांग उसवायला घेतली. मारामारीत दोन्हीकडची प्यादी गेली आणि माझ्या उंटाची तिरकी वाट सताड उघडली, थेट पलीकडच्या कोपऱ्यातल्या ह्यांच्या हत्तीपर्यंत. हत्ती गेला. तासाभरानं ह्यांनी राजा आडवा केला.

"अभिनंदन, वहिनी!" चिटणीस म्हणाला. "दादांनी मन मोठं केलं हं."

जिंकल्याची सगळी चवच गेली. जिना उतरताना विचारलं, "अहो, खरं सांगा. सोडलात?"

बसथांब्याच्या बाकावर बसल्या बसल्या ह्यांनी पिशवीतून खिशात मावणारा पट काढला. कान लालबुंद.

"मांड. आत्ताच्या आत्ता."

"अहो, बस आलीय."

"जाऊ दे ती. माझा हत्ती दिवसाढवळ्या पळवलास तू!"

सोडून देणारा माणूस असा भांडत नाही. माझा जीव भांड्यात पडला. ह्यांनी न विचारताच पांढऱ्या सोंगट्या आपल्याकडे ओढल्या, आणि मी काळ्या मांडायला घेतल्या.