कोणाचा हात?

परीक्षेला एक दिवस उरला होता आणि माझ्या लॅपटॉपमधलं छप्पर भिंतीला पोचत नव्हतं. ताडाचे सतरा वासे, सतराही लाल. लाल म्हणजे लांबी कमी पडतेय. जुनं मातीचं घर संगणकात जसंच्या तसं उभं करायचं, हा माझा वास्तुकलेचा शेवटचा प्रकल्प. त्यात नापास म्हणजे अख्खं वर्ष पाण्यात.

घर बाबा तांकोंचं. सत्तरीचे गवंडी, अंगाने काडी, तोंडाने तिखट. आमच्या झारिया शहरात रस्ता रुंद झाला तेव्हा घर पाडलं गेलं. वासे तेवढे त्यांनी नव्या अंगणात रचून ठेवले होते. वासे मी स्वतः मोजले. भिंतींची मापं बाबांनी तोंडी सांगितली होती: खोली पाच हात रुंद.

मी लॅपटॉप घेऊन तणतणत त्यांच्याकडे गेले. बाबा ताकातली बाजरी पीत बसले होते.

“बाबा, तुम्ही मापात चुकलात.”

“पंचावन्न वर्षांत माझं छप्पर कुणाच्या डोक्यात पडलं नाही, लामी. काय बिनसलंय?”

“वासे पाच हातांना पुरत नाहीत.”

“कोणाच्या हातांना?”

“हात म्हणजे हात! पंचेचाळीस सेंटिमीटर. पुस्तकात आहे.”

“त्या पुस्तकवाल्याने बांधलं होतं का माझं घर?” त्यांनी बाही सारून हात पुढे केला. “मोज.”

कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत चाळीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार महिने या माणसाकडून शिकत होते आणि त्याचा हात मोजायचं सुचलं नव्हतं.

मी आकडा बदलला. एकच आकडा, पण भिंती आत सरकल्या, दारं लहान झाली, सतराही वासे भिंतींवर टेकले. बाबांनी वाडगं खाली ठेवलं.

“हे माझं घर आहे,” ते हळूच म्हणाले. मग स्क्रीनवरच्या एका कोपऱ्यावर बोट टेकवून, “इथे आमची लेक हलिमा चालायला शिकली. तू परत आणलंस गं, पोरी.” आभार मी मानायचे, तर मानत होते ते.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊनच कॉलेजात गेले. परीक्षक गर्बा सर म्हणजे सहा फुटी, आवाजाने भिंत हलवणारे.

“चाळीसच का? प्रमाण माप पंचेचाळीस आहे.”

“सर, तुमचा हात द्या.”

पन्नास भरला. तो आकडा घातला. सतराही वासे लाल. मुलं खिदळली, सर हसले नाहीत. त्यांनी स्क्रीनजवळ वाकून वासे पाहिले.

“गवंडी कोण?”

मी दाराजवळच्या बाकाकडे बोट दाखवलं. सर तिथे गेले, बूट काढले आणि थोरामोठ्यांपुढे बसतात तसे बाबांपुढे उकिडवे बसले, मान खाली घालून.

“मालम,” ते म्हणाले. ज्याने शिकवलं त्यालाच आम्ही मालम म्हणतो. “आमच्या मुलांना शिकवायला याल?”

माझे डोळे भरून आले. बाबांनी मात्र सरांना नीट न्याहाळलं.

“ते नंतर बघू. आधी सांगा, ही पास झाली का?”

“झाली.”

“मग येतो.”