वाळुंजाचे ओले खांब

आमच्या मुलीच्या, झूनच्या लग्नात सरोवरातल्या आमच्या तरंगत्या शेताचा अर्धा तुकडा तिला द्यायचा ठरला. आमच्यात मुलीला असाच तुकडा देतात. कापायचा, नावांना बांधायचा आणि काकड्या-टोमॅटोसकट ओढत तिच्या सासरच्या काठाला नेऊन उभा करायचा. सासरी तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच. नाहीतर जन्मभर सासूच्या शेतात राबा.

तुकडा न्यायला तिचा सासरा समद जू माणसं आणि नावा घेऊन आला. झूनही आली. सगळ्यांना मिठाचा चहा करता करता मी दमले. खरं तर हल्ली मी उठते तीच दमलेली. शेवाळ उपसा, गाळ उपसा, शेतावर थापा. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढंच. पूर्वी तळाशी झरे होते, पाणी खेळतं असायचं, खालून जाणारा मासा दिसायचा. आता डोंगर बोडके झाले आणि त्यांची माती आमच्या दारात.

शेत कापून झालं, पण त्याला जागेवर धरून ठेवणारे, तळात ठोकलेले खांब काही निघेनात. नावांनी ओढून ओढून दोर तुटला.

समद जू चिडला. "द्यायचं नसेल तर तोंडाने सांगा, व्याही. माझी माणसं कशाला दमवता?"

माझा नवरा खजीर एरवी कुणाचं ऐकून घेणारा नाही, पण आज मान खाली घालून तुटलेला दोर गुंडाळू लागला. का, ते मला ठाऊक होतं. इथे शेतंही चोरीला जातात, रातोरात ओढून नेतात. म्हणून मागे त्याने वाळके खांब काढून पाण्याकाठी वाढणाऱ्या वाळुंजाच्या झाडाचे ओले, जाडजूड खांब ठोकले, वर गाळाचे थरावर थर चढवले. ओलं लाकूड जिवंत असतं, असं मी बजावलं होतं. पुढे खांबांना पालवी फुटली, तर हा शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचा. खाली मुळं धरली, मुळांत माती अडली. चोर राहिला बाजूला, मालकालाच शेत हलवता येईना.

व्याह्याचं बोलणं त्याला झोंबलं. कुऱ्हाड घेऊन त्याने सरळ पाण्यात उडी टाकली. मी आमच्या नावेतून किंचाळले. तिथे वल्ह्याला तळ लागत नसे.

तो बुडाला नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला.

समद जूने वल्हं पाण्यात घालून पाहिलं आणि हळूच वर घेतलं. आपल्या काठाला काय झालं असेल, तेही बघायला हवं, एवढंच तो पुटपुटला.

"बाबा, तुम्ही उभे आहात?" झूनने विचारलं.

"उभा आहे. शेत तळाला टेकलंय, पोरी. आता तुला काय देऊ?"

झून नावेतून उतरली आणि चालत त्याच्याकडे गेली. ती लहान असताना याच जागी मी तिच्या कमरेला दोरी बांधून दुसरं टोक माझ्या पायाला गुंडाळायचे. मूल बुडेल या धास्तीने माझा जीव अर्धा व्हायचा. आणखी काही वर्षांनी इथे मूल बुडायलाही पाणी उरणार नव्हतं. मी नावेत बसून रडले.