आक्काच्या पाठीमागचा दरवाजा

मित्रांनो, चिंपांझी पाहायला तुम्ही येता, तेव्हा तुमची नजर माझ्यावरून सरकून पुढे जाते. त्यात तुमची चूक नाही. मागच्या भिंतीत, हिरव्या रंगाखाली लपवलेला मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. माझ्या एका बाजूला चिंपांझींची निजायची खोली आणि दुसऱ्या बाजूला लोकांना दिसणारी जागा. मला कडी नाही, मूठ नाही. शेजारच्या बोळात एक चाक आहे. ते फिरवले की साखळी ताणली जाते आणि मी खाचेतून सरकतो. कधी उघडायचे आणि कधी मिटायचे, हे मला कुणी विचारले नाही. जे माझ्यातून जातात, त्यांनाही नाही.

मला घडवणाऱ्या लोहाराने मला अंगठ्याएवढ्या जाड पत्र्यातून कापले. "हत्तीने धडक दिली तरी हलणार नाही," तो म्हणाला.

"अहो, इथं हत्ती नाही, माकडं राहणार आहेत," गवंडी हसला.

"मग अजून जाड लागेल. हत्तीला निदान बोटं तरी नसतात."

तेव्हा पुढे गजांचा पिंजरा होता. खाली सिमेंट, मधोमध टांगलेला एक टायर. लोक शेंगा फेकत, एखादा पेटती विडीही फेके. दुपारी चार वाजता चिंपांझींना सदरे घालून टेबलाशी बसवत आणि कपबशीतून चहा पाजत. लोक पोट धरधरून हसत. आक्का नावाची चिंपांझी आली ती त्याच काळात, एवढीशी. तिच्या आईचे काय झाले, ते कुणी बोलले नाही. पिल्लू आईच्या अंगावरून सहजासहजी सुटत नसते, एवढे मला पुढे समजले.

मग एका थंडीत दोन पिल्ले खोकून खोकून गेली. माणसांचा खोकला त्यांना लागला होता. म्हणून एका मोठ्या शिकलेल्या माणसाने नवा नकाशा काढला. गज गेले, काच आली. जमिनीपासून छतापर्यंत पांढऱ्या फरश्या, पाण्याच्या नळीने दहा मिनिटांत धुता येतील असे गोल कोपरे. दवाखान्यासारखी स्वच्छता म्हणून सगळीकडे नाव झाले. स्वच्छ होतेच ते. पण धरायला काही नव्हते, मोडायला काही नव्हते, आणि एक आवाज काढला की चारी भिंती तोच परत देत. आक्काने तिथे वीस वर्षे काढली. बसल्या बसल्या ती आपल्या हातावरचे केस उपटत असे.

या फरश्यांच्या काळात मामा कामाला लागले. चिंपांझींना खाऊपिऊ घालणे आणि माझे चाक फिरवणे हे त्यांचे काम. सगळे त्यांना मामाच म्हणत. त्यांच्या पहिल्याच वर्षी माझ्या खाचेत एका पिल्लाचे बोट अडकून चेंगरले. तेव्हापासून मामांनी एक रीत पाडली. चाकाशेजारी जाळीची लहान खिडकी आहे. तिच्यातून ते हाक मारत, "आक्का, हात दाखव." आक्का दोन्ही तळवे खिडकीसमोर धरी, आणि मगच मामा मला मिटत.

फळे चिरणारी मावशी म्हणे, "इतकं तर घरी बायकोसुद्धा तुमचं ऐकत नसेल."

"बायको ऐकत नसते, मावशी. ऐकवते."

काही वर्षांनी काळ पुन्हा पालटला. फरश्या फोडल्या. बाहेर गवत, मातीचे उंचवटे, वाळक्या झाडांची खोडे, दोरखंड आणि पुढे खोल चर असे मोठे मोकळे आवार झाले. "दरवाजा चांगला आहे, राहू दे," म्हणून मला तेवढे ठेवले. पण नकाशात एक गोष्ट राहून गेली होती. लोकांना कुठूनही चिंपांझी दिसावा, याचा विचार झाला होता. चिंपांझीला कुणाला दिसायचे नसेल तर त्याने कुठे जावे, याचा झाला नव्हता.

चिंपांझींची पोरे पहिल्याच दिवशी दोरांवर चढली. आक्का उंबऱ्यावर थांबली. तिने बोटाच्या पाठीने गवताला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. महिनाभर मामांनी मला दिवसभर उघडा ठेवला. हळूहळू ती बाहेर बसू लागली, पण एक हात माझ्या चौकटीवर ठेवून. दर थोड्या वेळाने ती मागे वळून पाही. मी उघडा आहे ना, एवढेच.

मामा प्राणीसंग्रहालयाच्या साहेबांकडे गेले. "साहेब, दार उघडं असलं तर ती बाहेर बसते. बंद दिसलं की जीव घाबरा होतो तिचा. उघडंच राहू द्या."

"अहो मामा, मग सगळेच आत जाऊन झोपतील. लोक काय गवत बघायला येतात?"

"थोडे दिवस तरी."

"उद्घाटन होऊ द्या, मग बघू."

उद्घाटनाच्या दिवशी तोबा गर्दी झाली. साहेब बोळात आले आणि म्हणाले, "बंद करा." मामांनी चाक धरले. मग म्हणाले, "आक्का, हात दाखव." तिने माझ्या चौकटीवरचा हात उचलला. दोन्ही तळवे खिडकीसमोर धरले. आणि मी मिटलो. कुठेतरी अडकलो असतो तर! पण त्याच सकाळी मला तेल दिले होते.

बाहेर टाळ्या वाजल्या. आक्का मला पाठ लावून बसली, ती संध्याकाळपर्यंत. मग तोच नियम झाला. दहा ते पाच मी बंद. दुसऱ्या आठवड्यात गार वारा सुटला आणि पाऊस आला. पोरे पोकळ खोडात शिरली. आक्का माझ्यापासून हलली नाही. ती उठून खिडकीसमोर तळवे धरी, थांबे, पुन्हा धरी. हात नीट दाखवले नाहीत म्हणून दार उघडत नाही, असे तिला वाटले असावे.

मामांनी ते पाहिले आणि कुणालाही न विचारता मला उघडले. पण उशीर झाला होता. ती भिजून थरथरत होती. डॉक्टर आले, सुया झाल्या. सहाव्या दिवशी, निजायच्या खोलीत, ती गेली.

मामांनी साखळी सोडवली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. परत येऊन ते बोळात बसले. मावशी म्हणाली, "तुमचा काय दोष, मामा? तुम्हाला हुकूम होता."

"हुकूम साहेबांचा होता. पण हात तिनं मला दाखवले होते, मावशी."

दोन दिवसांनी साहेबांनी साखळी परत पाठवली. मग निरोप आला, दरवाजा दिवसा उघडा राहू दे. तेव्हापासून मी दिवसा मिटलेलो नाही. पोरे मनात येईल तेव्हा आत जातात आणि मनात येईल तेव्हा बाहेर येतात. मामा मात्र माझ्या समोरून जाताना आजही खाली बघतात.

मित्रांनो, तुम्ही याल तेव्हा कदाचित समोर नुसते गवत दिसेल. "काही नाही इथं, चला," असे तुमच्यातले कुणी म्हणेल. माझे एवढे ऐका. जरा थांबा. हाका मारू नका, खडे टाकू नका. कुणी आले तर डोळे भरून पाहा. नाही आले, तर आत कुणीतरी निवांत बसले आहे असे समजा, आणि आवाज न करता पुढे जा.