निर्मलाबाईच्या पेशी

दिवाळीला प्रेमदास तांड्यावर आला, तेव्हा त्याची थोरली बहीण निर्मलाबाई गोठ्यालगतच्या खोलीत एकटी पडून होती. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं होतं. क्षयाचं औषध दोनदा पुरं करूनही खोकला हटत नव्हता. जंतू आता कुठल्याच गोळीला जुमानत नाहीत, असं हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

प्रेमदास पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायचा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या, क्षयाचा जंतू मारायला त्यांना तयार करायचं, हे त्याचं काम. बहिणीनं विचारलं म्हणून त्यानं ते समजावून सांगितलं.

"मंग माझ्या रक्तातल्या वाढव," ती म्हणाली, "आन परत माझ्यातच सोड."

"बाई, अजून माणसाला देत न्हाईत. उंदरावरच करून राहिलो."

"आदी वाढव तर."

तिचा चेहरा पाहून त्याला नाही म्हणवेना. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमची परवानगी काढून तो पुन्हा आला आणि तिचं रक्त घेऊन रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेला.

पेशी वाढल्या. इतक्या जोमानं वाढल्या की मॅडमही वाकून बघत राहिल्या. बशीतले जंतू भराभर मरू लागले.

"मॅडम, तिला देता येतील?"

"यानं तिला काय होईल हे आपल्याला माहीत नाही, प्रेमदास. अजून बरीच वर्षं लागतील."

त्यानं तांड्याजवळच्या गोरेगावच्या फोनवाल्याकडे निरोप ठेवला. निर्मलाबाई जीपनं तिथवर आली.

"वाढल्या का रं?"

"वाढल्या बाई. जंतू मारून राहिल्या."

"कवा आणतोस?"

पलीकडून बराच वेळ खोकला ऐकू आला.

"न्हाई आणता येत," तो शेवटी म्हणाला.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

होळीच्या आधी ती गेली. प्रेमदास पोचेपर्यंत चिता विझत आली होती. बाप उत्तमसिंग तिच्या खोलीच्या भिंतीला चुना लावत होता. हात न थांबवता त्यानं विचारलं, "तिचं तिकडं पुण्याला काही उरलंय का?"

"न्हाई, बा."

दुसऱ्या दिवशी तो पुण्याला परतला. प्रयोगशाळेतल्या उबदार कपाटात तिच्या पेशी अजून जिवंत होत्या. त्यांचं अन्न संपत आलं होतं. त्यानं हातमोजे चढवले, बशीतलं जुनं पोषक पाणी काढलं आणि नवं घातलं.