निळ्या पानावरचा अंगठा

शनिवारी पानांचं प्रदर्शन, आणि शुक्रवारी दुपारी मी केस सेट करून घरी येते तर एल्डन ॲशच्या झाडाखाली स्टुलावर बसलेला. शेजारी साबणाच्या पाण्याची बादली, हातात भांडी पुसायचं फडकं. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पण हा माणूस माझ्या वाफ्यापाशी कधी टेकलेला मी पाहिला नव्हता.

"बघ," तो म्हणाला, "एकूण एक पान चकचकीत करून ठेवलंय. पक्ष्यांनी काय घाण केली होती गं."

माझा होस्टा, सावलीत वाढवतात ते रुंद पानांचं झुडूप, हिरवागार चमकत होता. सकाळी तो निळा होता.

होस्टाची निळाई पानाच्या आत नसते. ती वर असते, काळ्या द्राक्षावर पांढुरकी साय असते ना, तशी मेणाची. ती पुसली की खाली साधं हिरवं पान. आणि एकदा पुसली की त्या पानाला परत येत नाही. पुढच्या वसंतात नवी पानं फुटतील तेव्हाच. हे आमच्या मिनेसोटात बागवाल्यांच्या नातवंडांनाही ठाऊक आहे. एल्डनला ठाऊक नव्हतं. त्याचा जन्म डेअरीतल्या दुधाच्या टाक्या धुण्यात गेला आणि कामात त्याने कधी डाग मागे ठेवला नाही. इथेही ठेवला नव्हता.

मला रडू आलं. रागाने आलं, उगाच कशाला लपवू?

राग नुसत्या पानांचा नव्हता. आमच्या चर्चच्या तळघरात दर जुलैत हे प्रदर्शन भरतं आणि मोठ्या निळ्या पानांच्या गटात पहिला नंबर व्हर्ना ओल्सनचा, हे जणू पवित्र ग्रंथात लिहिल्यासारखं ठरलेलं. दरवर्षी ती माझ्या पानापाशी थांबते आणि म्हणते, "गोड आहे गं, ॲर्डिस. जरा वाढू दे अजून." नऊ वर्षं वाढू दिलं मी. बोटाएवढा कोंब लावला होता, त्याचा या उन्हाळ्यात माझ्या दोन्ही हातांत मावणार नाही एवढा घेर झाला. पानं जेवणाच्या ताटाहून मोठी, सुरकुत्या अशा भरीव की पावसाचं पाणी वाटीसारखं धरावं. आणि वरच्या ॲशला कीड लागलेली. नगरपालिकेने बुंध्यावर तोडायची नारिंगी फुली मारली होती. शरद आला की झाड जाणार, सावली जाणार, आणि उन्हात निळाई टिकत नाही. म्हणजे व्हर्नाला हरवायचं तर याच वर्षी.

"हिरव्यांच्या गटात टाकता येईल का?" एल्डनने हळूच विचारलं.

"तू आत जा."

"नाही, म्हणजे चमकतंय छान..."

"एल्डन, आत जा."

तो गेला. मी नव्या केसांसकट पोटावर आडवी झाले आणि होस्टाच्या पानांखाली शिरले. एल्डनचं कंबरेचं दुखणं जुनं. ॲशच्या बुंध्याच्या बाजूला तो वाकू शकला नसणार, एवढाच भरवसा होता. एकेक देठ बाजूला सारत गेले. एक पान गोगलगायीने खाल्लेलं. एक फाटलेलं. आणि अगदी मागे, बुंध्याला टेकून, एक अख्खं पान, पहाटेच्या तळ्यासारखं निळं. त्याच्या कडेशी मात्र एक गडद हिरवा ठसा होता. बाजूचं पान पुसताना एल्डनने हे अंगठ्याने धरून ठेवलं होतं.

दुसरं नव्हतंच. मी तेच कापलं.

शनिवारी एल्डनने गाडी एवढी हळू चालवली की मागून एका ट्रॅक्टरने हॉर्न दिला. मी पुढच्या सीटवर देठ धरून बसले, श्वाससुद्धा बाजूला सोडत. हॉलमध्ये कॉफीचा वास, लांब टेबलं, बाटल्यांत उभी पानं. व्हर्नाचं पान पाहिलं. चांगलं होतं, पण माझं मोठं होतं. तिनेही ते पाहिलं आणि या वेळी 'गोड' म्हणाली नाही.

परीक्षक बाई बाहेरगावच्या. दोन्ही पानांपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग मला बोलावलं.

"हा डाग कसला? झाडावरून पाणी ठिबकलं का?"

ठिबकणं आमच्याकडे माफ असतं. निसर्गाने केलं त्याला कोण काय करणार? माणसाचा हात लागला तर मात्र गुण कापतात. हे मला माहीत होतं, व्हर्नाला माहीत होतं. आणि कालपासून माझं नियमांचं चोपडं वाचत बसलेल्या एल्डनलाही आता माहीत होतं.

"ठिबकलं," एल्डन म्हणाला.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. गळाला लागलेला मासा केवढा होता हेसुद्धा खरं सांगणारा माणूस हा. कान लाल झाले होते त्याचे. मी नुसती मान हलवली असती तर झालं असतं. हलवावीशी वाटली, खूप वाटली. समोर व्हर्ना उभी होती.

"अंगठा आहे," मी म्हणाले. "याचा."

बाईंनी कार्डावर काहीतरी खोडलं. व्हर्ना पहिली, मी दुसरी.

कॉफीपाशी व्हर्ना आली. "ठिबकलं म्हणाली असतीस तर कोणाला कळणार होतं?"

"मला तुला हरवायचंय, व्हर्ना. गंडवायचं नाहीये."

तिने कॉफीत चमचा फिरवला. "पण तुझा ॲश तर जाणार म्हणे. मग कसं?"

"ते मी बघते."

परत येताना गावाच्या वेशीपाशी एल्डनने गाडी आणखी हळू केली. मग म्हणाला, "बोल तरी. तू गप्प बसलीस की जास्त भीती वाटते."

"उद्या चर्च झालं की पहार काढ," मी म्हटलं. "घरामागे, उत्तरेच्या भिंतीला. तिथे ऊन कधी येत नाही."

"तिथे? तिथे तर बिल्डरने सगळे दगड पुरलेत."

"म्हणून तर पहार."

रविवारी आम्ही दोघं खणत होतो. जमीन खरंच दगडांची होती. पहारीचे दोन घाव घातले की एक धोंडा वर येत होता. मी एकाहत्तरची, तो शहात्तरचा. दर थोड्या वेळाने एकजण टेकायचा आणि दुसरा त्याला आळशी म्हणायचा.

"अख्खा होस्टा कसा उचलणार?" एल्डनने घाम पुसत विचारलं.

"नाही उचलता येणार. फोडून लावायचा. आहे त्याचा एक तुकडा, एवढासा."

"मग परत तेवढा व्हायला किती वर्षं?"

"आठ. नऊसुद्धा लागतील."

तो पहारीवर हात ठेवून उभा राहिला. हिशोब त्याच्या तोंडावर दिसत होता, माझ्याही दिसला असेल. मग त्याने वाकून खड्ड्याची कड पाहिली.

"मग नऊ वर्षांनी हा खड्डा लहान पडेल," तो म्हणाला, आणि बाहेरच्या बाजूने खणायला लागला.