काठी कोणत्या बाजूला कलली होती

शाळेला सुट्टी लागली की बाबा पुढे जायचा आणि मी मागून. मी मिरी शहरात शिक्षिका म्हणून लागल्यापासून हे असंच चालत आलेलं. मी गावी पोहोचायच्या आधीच तो, आम्ही ज्याचं पीठ खातो त्या सागूच्या ताडांच्या रानात जाऊन बसलेला असायचा आणि वाटेवर माझ्यासाठी काठ्या रोवलेल्या असायच्या. आम्हा रानात भटकणाऱ्या पेनान लोकांत पुढे गेलेला माणूस मागच्यासाठी काठी रोवतो. तिचं टोक चिरून त्यात पानं, काटक्या, साल खोचतो. कोण गेलं, कसं आहे, घाई करायची की नाही, सगळं त्यात असतं. कुठे गेलं ते मात्र काठी ज्या बाजूला कललेली असते त्यावरून कळतं.

बाबाचं नाव मी इथे लिहीत नाही. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही घेत नाही.

या खेपेला माझ्यासोबत लेजौ काका होता, बाबाचा धाकटा भाऊ. बाबाला खोकला झाला होता, रात्री श्वास लागत होता, हे मला गावी गेल्यावर समजलं. काकूने त्याला अडवून पाहिलं होतं. "पोरगी येतेय. तिला काय दुकानातला तांदूळ घालू?" असं म्हणून तो निघून गेला.

"तू तरी जायचंस की त्याच्याबरोबर," मी काकाला म्हटलं.

"गेलो असतो. म्हणाला, तू आलास की सागू तुलाच पुरत नाही."

पहिली काठी गावाच्या कडेलाच होती. सारख्या लांबीच्या दोन काटक्या आडव्या खोचलेल्या, म्हणजे आपण एका काळजाची माणसं. ती खूण तो प्रत्येक काठीत घालायचाच. दुसरी काठी डोंगराच्या सोंडेवर होती आणि तिच्यात डुकराचं चोखून पांढरं केलेलं हाड अडकवलेलं होतं.

काका हसत खालीच बसला. "बघ! डुक्कर खाल्लं आणि हाड लेकीला ठेवलं. बापाची माया!"

"तुला तर हाडही नाही ठेवलं, काका."

"मला कशाला ठेवेल? आईच्या अंगावरचं दूधसुद्धा त्यानेच आधी संपवलं."

खरं तर त्या हाडावरून मी निवांत झाले. ज्याला थट्टा सुचते त्याला फार काही झालेलं नसतं, असं मला वाटलं.

पुढे ओढ्यापाशी वाटेला तीन फाटे फुटतात. एक सरळ चढून सागूच्या रानातल्या आमच्या जुन्या तळावर जातो, डावा ओढ्याच्या काठाने आत वळतो, उजवा उंबरासारखं एक प्रचंड झाड आहे तिकडे. तिथे काठी नव्हती. खूण नसली तर वाट बदललेली नाही, असं आमच्यात धरतात. त्यावर कोणी विचारही करत नाही. काकाने केला नाही, मीही केला नाही. ओढ्याला पाणी चढलेलं होतं. त्याच्या आवाजावर आवाज चढवून काका माझ्या पायांची टिंगल करत होता, शाळेत बसून बसून त्यांना खुर्चीची लाकडं लागलीत म्हणत होता आणि मी मोठमोठ्याने हसत होते. तशाच हसत आम्ही सरळ चढून गेलो.

तळावर बाबा नव्हता. चूल जुनी, तिच्यात पालवी उगवलेली.

"डुकरामागे गेला असेल," काका म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. वाट पाहणाऱ्याने जागा सोडायची नसते, म्हणून आम्ही तिथेच थांबलो. माझ्याकडे पुस्तक होतं. मी एकच पान पुन्हा पुन्हा वाचत होते. काका बांबूची सळई तासत बसला होता.

"लिहिलंय का त्यात, कुठे गेलाय ते?"

"नाही."

"मग ठेव ते."

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबल्याबरोबर आम्ही नदीच्या बाजूने उतरलो. मासे धरायला गेला असला तर तिकडे भेटेल, असा अंदाज होता.

नदीकाठी भटकंतीला येणाऱ्यांसाठी बांधलेली एक खोपी आहे. तिथे इपोह शहराकडची मंडळी उतरली होती. कोणाचा पाय मुरगळला होता, म्हणून पावसात अडकून पडलेली. कोणी म्हातारा दिसला का, असं आम्ही विचारलं. कोणाला दिसला नव्हता. त्यांच्यातल्या यूसरी नावाच्या माणसाने आमच्यापुढे गरम कॉफी ठेवली. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा, बोलका गडी होता. मी शिकवते हे समजल्यावर त्याचा चेहरा खुलला.

"बाई, मग तुम्हीच सांगा ही काय काय आहेत. आमचा वाटाड्या पुढे पळतो आणि मी असतो सगळ्यांच्या शेवटी. त्यामुळे मला सापडतं फार."

त्याने प्लास्टिकच्या कागदावर एकेक वस्तू मांडली. विमानाच्या पत्र्याचा वेडावाकडा तुकडा. बाहुलीचा हात. बूड नसलेली किटली. धनेशाचं पीस.

काकाने किटली उचलून तिच्यातून आरपार पाहिलं. "ही माझ्या मेव्हण्याची. चहा का उरत नाही म्हणून बायकोशी भांडायचा."

मी ते मलयमध्ये सांगितलं. सगळे हसले. यूसरी तर डोळे पुसत हसला. मग त्याने पिशवीतून टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"आणि ही सगळ्यात सुंदर. कोणीतरी किती जीव लावून केलीये बघा. घरी भिंतीवर लावणार आहे."

बाबाची काठी होती.

दोन सारख्या काटक्या. त्यांच्या खाली चुरगळून बांधलेलं पान, म्हणजे मला बरं नाही. त्याखाली आखूड तोडलेली काडी, म्हणजे लांब गेलो नाही, जवळच आहे. आणि अगदी वर शेंड्याशी उलटं खोचलेलं पान. ते मी फार कमी वेळा पाहिलं होतं. त्याचा अर्थ होतो, हातातलं टाका आणि या.

काकाने कॉफीचा पेला हळूच खाली ठेवला. "विचार याला," तो आमच्या भाषेत म्हणाला. "कुठून उपटली, विचार."

मी विचारलं.

"ओढ्याजवळ. तीन वाटा होत्या बघा तिथे. परवा सकाळी." तो अजून हसतच होता. "का? काही चुकलं का?"

"ती कोणत्या बाजूला कलली होती?"

"कलली होती?"

"उभी होती की एका बाजूला झुकलेली होती?"

"झुकलेली असेल... मला वाटलं पावसाने झुकली. बाई, मी फोटो काढलाय ना!"

त्याने फोन काढला. फोटोत तो होता, काठी छातीशी धरलेली, चष्म्यावर पाण्याचे थेंब. मागे पानंच पानं. मी फोटो मोठा करत गेले. पानं मोठी होत गेली, बाकी काही नाही.

मग मी त्याला सांगितलं की माझा बाप आजारी आहे आणि त्याने ही मला बोलावण्यासाठी ठेवली होती. यूसरी उठला. तो बूट घालू लागला. "मी येतो. तिथे उभा राहिलो तर आठवेल मला."

तो आला. वाटेत पडला, उठला, पुन्हा चालला. फाट्यावर पोहोचल्यावर तो ज्या जागी उभा राहिला तिथून डावीकडे हात केला, मग दोन पावलं मागे सरून उजवीकडे केला. "इथे होती. नाही, थांबा, दगड या बाजूला होता." काका गुडघ्यांवर बसून चिखलात काठीचं भोक शोधत होता. भोक राहिलं असतं तर त्यावरूनही कल समजला असता. एक सापडलं, काकाने बोट घातलं, तर आतून खेकडा निघाला.

"बाई, आठवत नाही," यूसरी म्हणाला.

"मी झाडाकडे जातो, याला घेऊन," काका म्हणाला. "तू ओढ्याने जा. सापडला की हाक दे."

मला फार चालावं लागलंच नाही. ओढ्याच्या पहिल्याच वळणाआड त्याने ताडाच्या पानांचा आडोसा केला होता. तिथून मागे पाहिलं तर फाट्याजवळच्या झाडांचे शेंडे दिसत होते. एवढ्या जवळ.

बाबा कुशीवर झोपला होता, तोंड वाटेकडे. मी त्याचा हात धरला आणि मला समजलं. हात गार होता, पण अजून पुरता ताठरला नव्हता. शेजारी आणखी एक अंथरूण होतं, पानं नीट एकावर एक लावून केलेलं. त्यावर कोणी झोपलेलं नव्हतं. उशाला तो नेहमी ठेवायचा तसा लाकडाचा ठोकळाही होता, कारण मी शिकायला बाहेर गेल्यापासून मला उशीशिवाय झोप येत नाही.

एका बाजूला पातेल्यात सागूची लापशी होती, वर साय धरून घट्ट झालेली. अर्ध्या भागाला हात लावलेला नव्हता.

परवा आम्ही इथूनच गेलो होतो. ओढा मोठ्याने वाहत होता आणि मी त्याहून मोठ्याने हसत होते. बाबाला ते ऐकू गेलं असणार. त्याने हाक मारली असेल तर ती मला ऐकू आली नाही. खोकल्याने त्याचा आवाज बसला होता, असं काकू म्हणाली होती.

मी काकाला हाक दिली. ते दोघं येईपर्यंत मी चुलीत हात घातला. वरची राख गार होती. खाली बोटं गेली तिथे कोमट लागली.

काका आला. भावाजवळ बसला, त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग त्यानेही चुलीत हात घातला आणि तसाच ठेवला. माझ्याकडे बघितलं. आमच्यात रानातला कोणीही माणूस राखेवरून वेळ सांगतो. ती राख सांगत होती की काल संध्याकाळी, कदाचित त्याच्याही नंतर, बाबाने या चुलीत लाकूड सारलं होतं.

यूसरी थोडा दूर थांबला होता. चष्मा हातात होता. त्याच्याशिवाय त्याला किती दिसत होतं कोण जाणे.

"बाई," तो म्हणाला. "कधी झालं हे? मी ती काठी उपटली, त्याच्या आधी की नंतर?"

मी पुष्कळ वाचलं आहे. अशा वेळी माणसं काय बोलतात तेही वाचलं आहे. मी राखेने भरलेली बोटं पुसली.

"आधी," मी म्हटलं. "बरेच दिवस आधी. तुम्ही इथे आलात तेव्हा ते गेलेले होते."

"नक्की?"

"नक्की."

काकाला मलय बोलता येत नसली तरी समजते. त्याने मान वर केली. "खोटं का सांगतेस त्याला?" हे त्याने आमच्या भाषेत विचारलं.

"तो घरी जाईल, काका."

"आणि हा?" त्याने बाबाकडे हात केला. "हा दोन दिवस इथे पडून आपली वाट बघत होता, ते कोणाला सांगायचं मग?"

"कोणालाच नाही."

काका रडू लागला. त्याला रडताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. यूसरी आता जवळ आला. काहीतरी करावं म्हणून तो पातेलं उचलून बाजूला ठेवू लागला, चुलीभोवतीची लाकडं नीट करू लागला. त्याचा हात राखेकडे गेला.

त्याच्या आधी काका उठला. चुलीपाशी येऊन त्याने त्या राखेवर आपला अनवाणी पाय ठेवला, आणि यूसरी तिथून उठेपर्यंत काढला नाही.