डाव्या हाताची जागा

गाडी अजून धुळ्याला युसूफभाईच्या शेडमध्ये उभी होती, पण तिचं दार नेमकं कुठे येणार हे मेहरूणमधल्या अख्ख्या गल्लीला ठाऊक झालं होतं. कारण हिलालआबांनी ती खडूने आपल्या गच्चीवर आखली होती. लांबी चौदा फूट, रुंदी सहा. मागे पलंग, मध्ये डाव्या अंगाला ओटा, उजव्या अंगाला कपाट आणि माणूस जेमतेम उभा राहील एवढं बाथरूम. वेल्डिंग झाल्यावर रडून उपयोग नाही, तेव्हा आधी एक दिवस खडूत राहून बघा आणि गुरुवारी पक्का नकाशा घेऊन या, असं युसूफभाईने बजावलं होतं. बसच्या बॉड्या बांधण्यात त्याची हयात गेली होती, आणि नवरा-बायकोने मिळून सांगितलेलं काम शेवटपर्यंत तसंच राहत नाही हे तो चांगलं ओळखून होता.

म्हणून बुधवारी सकाळी त्यांची बायको कामिनी चहाचं पातेलं घेऊन गच्चीवर राहायला गेली.

हिलालआबांनी चौतीस वर्षं ट्रक चालवला होता. सावद्याला केळी भरायची, दिल्लीला उतरवायची, परतीचा माल घ्यायचा, तीन दिवस घरी राहायचं, की पुन्हा चाक फिरलं. दोघांचा संसार असा तीन-तीन दिवसांच्या तुकड्यांनी झाला. बाकीचा फोनवर. आबा वाटेतून फोन करायचे आणि कामिनी एका हाताने भाकरी उलटत म्हणायची, "सांगा, मी ऐकतेय." बिजासनीच्या घाटात ढग कसा काचेला येऊन टेकला, चंबळच्या पुलावरून खाली पाहिलं की पोटात कसा गोळा येतो, धौलपूरच्या पुढे पहाटे मोर रस्त्यातून हटतच कसे नाहीत, हे सगळं तिने ऐकलं होतं. तो अख्खा रस्ता तिला तोंडपाठ होता, पाहिलेला मात्र नव्हता. तिची धाव एरंडोलला माहेरी आणि फार तर तिथून पद्मालयाच्या गणपतीपर्यंत.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी आबांनी शब्द दिला होता, "तुले एक डाव बठ्ठं दाखाडसू," म्हणजे एकदा सगळं दाखवीन. गेल्या दिवाळीला त्यांनी ट्रक विकला, लग्नाची वऱ्हाडं वाहून दमलेली एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिचं दोघांपुरतं घर करायचं ठरवलं. कामिनीला अठ्ठावन्न पूर्ण झाली होती, पण शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखी ती दिवस मोजत होती. तिला दुसरं काही नको होतं. फोनवर ऐकलेला तो रस्ता एकदा डोळ्यांनी बघायचा होता, तोही समोरच्या काचेतून.

खडूतलं घर मोठ्या मजेत सुरू झालं. नियम आबांचे. पाणी वीस लिटरच्या कॅनमधलंच वापरायचं, जायचं-यायचं दारातूनच, आणि भिंतीची रेघ ओलांडायची नाही. शेजारच्या लाडकुंवरभाभी ताजे खाखरे घेऊन वर आल्या त्या सरळ चालत ओट्यापाशी.

"भाभी, तुम्ही बाथरूमच्या भिंतीतून आलात," आबा गंभीरपणे म्हणाले.

भाभी दचकून मागे सरल्या, वळसा घालून दारापाशी गेल्या आणि हवेतच टकटक करून म्हणाल्या, "येऊ का?" कामिनी हसून हसून बेजार झाली. भाभींनी मग पाहुण्यासारखं सगळं घर पाहिलं, पलंगावर म्हणजे सतरंजीवर बसून घेतलं आणि ओट्याची लांबी पाहून डोळे मोठे केले. "माझ्या सुनेला एवढा ओटा मिळाला असता तर ती वेगळी निघाली नसती," असं म्हणून त्या दारातूनच परत गेल्या.

ओटा आबांनी खरोखर जीव ओतून आखला होता. दोन शेगड्या, सिंक, वर चिमणी, मसाल्याच्या डब्याला वेगळा कप्पा. घरातल्या ओट्याची उंची त्यांनी कामिनी देवळात गेलेली असताना टेप लावून मोजून ठेवली होती. बत्तीस इंच. गाडीतही तेवढीच.

"तुना हातले नवं वाटाले नको," ते म्हणाले.

कामिनीला भरून आलं. ज्या माणसाला घरातली साखर कुठल्या डब्यात असते ते माहीत नव्हतं, त्याने ओट्याची उंची मोजावी! तिने पदर खोचला, खालून आणलेली छोटी शेगडी पेटवली आणि भरताची वांगी भाजायला ठेवली. आबा पुढे उजव्या हाताला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले, हातात ताटली धरली आणि गाडी सुरू केली.

"समज, शिरपूर गयं," ते समोर बघतच म्हणाले. "आते घाट लागना. ते देख, डावा हातले काय दिसी राह्यनं!"

कामिनीने डावीकडे पाहिलं. तिच्यापुढे ओट्यामागची भिंत होती. खडूच्या रेघेपलीकडे मेहरूणचा तलाव उन्हात छान चमकत होता, पण नियम म्हणजे नियम, तिथे पत्रा येणार होता. वांगं हातातच धरून ती पुढे गेली. आबांच्या डाव्या हाताला एक चौकोन होता आणि त्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, फ्रीज.

"मी कुठे बसायचं?" तिने विचारलं.

"पलंगवर. सहा इंची फोम सांगेल शे. मस्त आडी पड. चहा करना वाटना तर ऊठ."

"म्हणजे फ्रीज पुढे बसणार आणि मी मागे?"

आबांनी ताटली खाली ठेवली. हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. "अवं, ती क्लीनरनी जागा शे!" ते म्हणाले.

आता यात आबांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. ट्रकवाल्यांच्या जगात डावी जागा क्लीनरची. डावीकडून कोणी सायकलवाला घुसतोय का ते त्याने बघायचं, टायर ठोकून तपासायचे, गाडी मागे घेताना खाली उतरून बॉडीवर थापा मारायच्या. दोन थापा म्हणजे येऊ दे, एक म्हणजे थांब. ऊन त्याच्या अंगावर, हादरे त्याच्या कमरेला, आणि ड्रायव्हरच्या शिव्या खायच्या त्याही त्यानेच. तिथे घरच्या लक्ष्मीला बसवायचं? बायकोला सुखाने नेण्यासाठी त्यांनी मऊ गादी आखली होती, आणि पुढे फ्रीज आखला होता तोही तिला गार पाणी मिळावं म्हणून.

हे कामिनीलाही कळत होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. ती परत ओट्यापाशी गेली. वांगं सोललं, मिरच्या ठेचल्या, आणि मिरच्यांनी तिचं काही वाकडं केलेलं नसताना जरा जास्तच ठेचल्या. लेकीच्या, डिंपलच्या शाळेपायी तिची भाषा केव्हाच शहरी झाली होती, पण राग नाकापर्यंत आला की माहेरची बोली बाहेर पडायची.

"माले रस्ता देखना शे!" ती एकदम म्हणाली. "आडी पडीसन छत देखाले माले घर काय वाईट शे?"

आणि ओलं फडकं घेऊन ती पुढे गेली, गुडघ्यांवर बसली आणि अख्खा फ्रीज पुसून टाकला. मग घरातून दुसरी खुर्ची आणली, दारातूनच आणली, आणि त्या ओल्या जागेवर ठेवून वर बसली.

आबांनी त्या खुर्चीकडे पाहिलं, मग ओट्याकडे. मग हळूच म्हणाले, "पण मग फ्रीज कोठे ठेवाना?"

"ओट्याच्या जागी."

"आनि ओटा?"

"तुम्ही रस्त्यात जेवायचात ते कुठे शिजायचं?"

"खाले," आबा म्हणाले. "झाड देखीसन गाडी लावानी, चाकना आडोसाले स्टोव्ह."

बोलता बोलता त्यांना रंग चढला. कुठल्या ढाब्यामागच्या निंबाखाली वारा लागत नाही, कुठल्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, आणि क्लीनर आजारी पडला होता तेव्हा आठ दिवस त्यांनीच दोघांची डाळ-बट्टी केली ती किती फर्मास झाली, हेही त्यांच्या तोंडून निघून गेलं. हे मात्र त्यांनी फोनवर कधीच सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला स्वयंपाक येतो?" कामिनीने तोंडात बोट घातलं. "आणि चौतीस वर्षं घरी पाण्याचा पेला हाताने घेतला नाही!"

"घरी तीनच दिन राहे मी," आबा ओशाळून म्हणाले. "त्यामा तुना हातनं सोडीसन मनं कोन खाई?"

कामिनीने त्यांना भरीत वाढलं. तिखटाने दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. जेवता जेवता ठरलं की ओटा मागच्या दारात पलंगाखाली न्यायचा, रुळांवर बसवून खणासारखा बाहेर ओढायचा, आणि बाहेर उभं राहून रांधायचं. एक दिवस तिने, एक दिवस त्यांनी. त्या दिवशीची पाळी त्यांची धरून उन्हं उतरायच्या आधी आबांनी गच्चीवर डाळ-बट्टी केली. मीठ जरा जास्त पडलं होतं आणि ते कामिनीने दोनदा बोलून दाखवलं.

पुढच्या जागेबद्दल मात्र आबांनी पक्कं काहीच म्हटलं नाही. "लोके म्हनतीन, हिलालनी बायकोले क्लीनर करं," एवढंच पुटपुटले, आणि बाकीचं युसूफभाईवर ढकललं.

गुरुवारी दोघं एसटीने धुळ्याला पोहोचले. शेडमध्ये गाडी उभी होती, आतून मोकळी केलेली, आणि कामिनी सगळ्यांत आधी पुढे डोकावली. डावी सीट नव्हती. तिथे जमिनीला जोडलेला लोखंडी सांगाडा होता, बरोबर फ्रीजच्या मापाचा.

"आबांनी पहिल्या दिवशीच माप दिलं होतं," युसूफभाई म्हणाला. "मधे दोन दिवस रिकामे होते, म्हटलं एवढं करून टाकू. आता सगळं पक्कं आहे, अक्का. काळजीच नाही."

कामिनीचा चेहरा उतरला. कालपासून भांडायची तिची सगळी तयारी होती. नवऱ्याशी, युसूफभाईशी, वेळ आली तर अख्ख्या धुळ्याशी. पण पक्कं झालेलं लोखंड बघून तिचा जोरच गेला. "राहू द्या मग," ती म्हणाली आणि खाली उतरली.

ते शब्द आबांना चांगले ओळखीचे होते. दिवाळीला भाडं आलं तेव्हा तिने हेच म्हटलं होतं. डिंपलच्या बारशाला गाडी कानपूरला अडकली तेव्हाही हेच. दर वेळी ते शब्द फोनवर आले होते, आणि ते म्हणताना तिचा चेहरा कसा होतो हे आबांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

"युसूफभाई," ते म्हणाले, "तो सांगाडा काप."

"आबा, कालच वेल्ड केलाय!"

"आज काप. मना क्लीनर ठरी गया."

युसूफभाईने कपाळाला हात लावला. "सीट तरी राहिलीय का बघावं लागेल," तो म्हणाला.

सीट राहिली होती. शेडच्या दारात उन्हाला ती टाकलेली होती आणि तिच्यावर ऐसपैस बसून युसूफभाईची बायको सितारा मेथी निवडत होती. गेल्या दोन दिवसांत एवढी आरामाची जागा तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती आणि ती सोडायचा तिचा मुळीच विचार नव्हता. कामिनी तिच्याजवळ गेली आणि ही सीट आपल्याला कशासाठी हवी आहे ते तिने सगळं सांगितलं. फोन, घाट, मोर, फ्रीज, सगळं.

सिताराने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि उठली. "घेऊन जा, अक्का," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, "माझ्यासमोर यांनी शंभर गाड्या बांधल्या, पुढे बसवून पांझरेच्या पुलापर्यंतसुद्धा नेलं नाही!" युसूफभाई घाईघाईने लोखंड कापायचा ग्राइंडर शोधायला लागला. सितारा एवढ्यावर थांबली नाही. ओटा मागे येणार हे ऐकून तिने मागचं दार वरच्या बाजूला उघडणारं करायला लावलं, म्हणजे रांधणाऱ्याच्या डोक्यावर सावली राहील. हे दोघा पुरुषांपैकी कोणाला सुचलं नव्हतं.

महिनाभराने, संक्रांत झाल्यावर, गाडी तयार झाली. सांगाडा कापला त्या जागेचे चार डाग तेवढे राहिले होते. आधी सिताराला पुढे बसवून आबांनी पुलापर्यंत एक फेरी मारून आणली, कामिनीचा तसा हुकूमच होता. मग घरी निघायची वेळ झाली. गाडी शेडमधून उलटी काढायची होती. आबांनी रिव्हर्स टाकला, आरशात पाहिलं आणि चौतीस वर्षांच्या सवयीने वाट बघत थांबले.

कामिनी खाली उतरली. मागे गेली, डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली, आणि गाडीच्या अंगावर तळहाताने धाडधाड दोन थापा मारल्या. "येऊ द्या, येऊ द्या!" तिचा आवाज शेडच्या पत्र्यावर घुमला. आबांनी इतक्या अलगद गाडी मागे घेतली की आत टांगलेली कढईसुद्धा हलली नाही. मग एक थाप. गाडी थांबली, आणि कामिनी टुणकन वर चढून आपल्या जागेवर बसली.

पारोळा गेलं. कपाशी निघालेली रानं दोन्ही बाजूंनी मोकळी पडली होती. ऊन थेट कामिनीच्या मांडीवर येत होतं, हादरे बसत होते, आणि तिला ते सगळं आवडत होतं. आबांच्या पुढे उसाचा ट्रॅक्टर चालला होता, डबल ट्रॉलीचा, आणि त्यांची नजर त्याच्यावरून हलत नव्हती.

"अहो!" कामिनी ओरडली. "डावीकडे!"

डाव्या हाताला, रस्त्यालगतच्या पायवाटेने मेंढपाळ ठेलाऱ्यांचा तांडा निघाला होता. पुढे मेंढरं, मागे घोडा. घोड्यावर उलटी खाट बांधलेली, खाटेत गोधड्या, पातेली, तवा, एक कोकरू, आणि सगळ्यांच्या पुढे, घोड्याच्या मानेजवळ, ऐटीत बसलेली तांबडी कोंबडी. हा रस्ता आबांनी हजार वेळा तुडवला होता, पण डावी बाजू नेहमी क्लीनरच्या वाट्याला.

"तेस्नी कोंबडीबी पुढेच बठेल शे!" कामिनी टाळ्या पिटत म्हणाली. "देखा ना!"

आबांना वळून बघता येत नव्हतं. ट्रॉली आडवी डुलत होती आणि समोरून ट्रक येत होता. ते गालातल्या गालात हसले, स्टिअरिंग घट्ट धरलं आणि कान तेवढा तिच्याकडे केला.

"तू सांग," ते म्हणाले. "मी आयकी राह्यनू."